संत्र्याच्या कोपऱ्यातला डाग

१

गुरुवारी सकाळी प्रार्थना संपली आणि पहिला तास सुटायच्या आत सौंसरच्या त्या शाळेतल्या एक्केचाळीस पोरांचे चेहरे गायब झाले.

पोरं होती आपापल्या बाकावर, धडधाकट. गायब झाले ते पासवरचे चेहरे. शनिवारी पांढुर्ण्याला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि फोटोवाला पास असल्याशिवाय तिथल्या गेटातून कोणालाच आत सोडणार नव्हते. पास शाळेच्या वेबसाइटवर ठेवलेले. रोल नंबर टाकायचा, ‘डाउनलोड’ दाबायचं, की पासचं चित्र मोबाइलमध्ये हजर. मंगळवारी असंच होत होतं. बुधवारी दिवसभर साइटवर एकच वाक्य दिसत राहिलं, ‘डेटाबेसशी जोडणी झाली नाही’. संध्याकाळी जोडणी झाली, साइट सुरू झाली. आणि गुरुवारी पास मोबाइलमध्ये उतरत तर होता, पण उघडत नव्हता. ‘फाइल खराब आहे.’ एक्केचाळीसच्या एक्केचाळीस.

“डाउनलोडची स्क्रिप्ट कोणी लिहिली?” मुख्याध्यापिका सुनंदा मॅडमनी विचारलं.

“प्रज्ञानं,” कॉम्प्युटरचे श्रीकांत सर म्हणाले. इतक्या पटकन, की जणू उत्तर खिशातच होतं.

प्रज्ञा अकरावीत होती. सर्व्हरला हुकूम देणारी ती स्क्रिप्ट, म्हणजे रोल नंबर घे, डेटाबेसमध्ये शोध, बरोबर त्याच पोराचं चित्र पाठव, हे सगळं तिनं लॅबमध्ये बसून लिहिलं होतं. पण कौतुक झालं केतकीचं. केतकी तिच्याच वर्गातली. तिनं साइटचं रूपडं केलं होतं: वर केशरी पट्टा, डाव्या कोपऱ्यात संत्र्याचं चित्र, आणि खाली बारीक अक्षरांत ‘रचना : केतकी’. प्रदर्शनात साइट दाखवायला तिचंच नाव गेलं. ती खालची ओळ प्रज्ञाला दिवसातून वीसदा दिसायची, आणि वीसही वेळा पोटात मिरचीसारखी लागायची.

“मॅडम, मी दाखवू?” केतकीनं वहीचं मागचं पान उघडलं. “मागच्या शनिवारी हिनं लॅबमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं होतं. ‘माझी फाइल काढून घेतली ना, तर तुझी साइट दोन दिवस नाई चालणार, लिहून ठेव.’ मंग मी लिहून ठेवलं.”

खरंच लिहून ठेवलं होतं. तारखेसकट.

“आणि माझ्या संत्र्याच्या कोपऱ्यात डाग पाडला हिनं! मोबाइलवर पाहा, मुंगीएवढा काळा डाग. मी नाई टाकला तो.”

“मले काय करायचं तुझ्या संत्र्याचं!” प्रज्ञा फणकारली. फणकारायला नको होतं, हे तिला फणकारल्यावर कळलं.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “प्रज्ञा, उद्या मधल्या सुट्टीपर्यंत वेळ देते. हे कसं झालं ते मला पटेल असं सांग. नाही सांगू शकलीस, तर वर्ष संपेपर्यंत कॉम्प्युटर लॅबमध्ये पाऊल ठेवायचं नाही.”

प्रज्ञाच्या घरी कॉम्प्युटर नव्हता. घरात एक मोबाइल, तोही बाबांचा, आणि बाबा नगरपालिकेत ड्युटीवर गेले की तोही त्यांच्यासोबत. लॅब म्हणजेच तिचा कॉम्प्युटर होता. लॅब बंद म्हणजे सगळंच बंद.

ती बाहेर पडताना केतकीनं वही मिटली. फट्ट असा आवाज आला.

२

श्रीकांत सरांनी तिला एक तास दिला, तोही स्वतः पाठीमागे खुर्ची टाकून.

“सर, काल साइट परत सुरू कोणी केली?”

“मी कसा करीन? मी तर काल लोधीखेड्याला होतो, ट्रेनिंगले. सुरू झाली असंल आपोआप.”

“आपोआप नाई होत, सर. मंगळवारी साइटचं वर्षाचं नूतनीकरण झालं आणि डेटाबेसचा पासवर्ड बदलला. कनेक्शनच्या फाइलमध्ये जुनाच पासवर्ड होता, म्हणून जोडणी तुटली. कोणीतरी त्या फाइलमध्ये नवा पासवर्ड टाकल्याशिवाय ती जुळणारच नाई.”

सर खुर्चीत जरा सरळ झाले. “नवा पासवर्ड तर माझ्यापाशी पण नाई. ऑफिसात आला होता. तिथल्या तुळशीरामजी बाबूनं कागदावर छापून कपाटात ठेवला, किल्ली कमरेले.”

प्रज्ञानं सर्व्हरवरच्या फाइलींची यादी उघडली. प्रत्येकीपुढे शेवटच्या बदलाची तारीख. तिची डाउनलोडची फाइल तीन आठवड्यांपूर्वीची, कोणी बोटसुद्धा लावलेलं नाही. कनेक्शनची फाइल: बुधवार, चार वाजून वीस मिनिटं.

“पाहा सर! माझी फाइल जशीच्या तशी हाय.”

“पण कनेक्शन तर जुळलं ना? जुळली तं फाइल चांगली, आणि आत पासवर्ड हाय, ती उघडायची नाई. न उघडणारा पास तुझ्या फाइलीतून निघून राहिला,” सर म्हणाले. बोलणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती.

मग तिनं स्वतःच्याच पासचं मूळ चित्र आणि डाउनलोड झालेलं चित्र शेजारी-शेजारी ठेवलं. मूळ चित्र चौऱ्यांशी हजार दोनशे बारा बाइट. डाउनलोड झालेलं? चौऱ्यांशी हजार दोनशे बारा बाइट.

एकही कमी नाही, एकही जास्त नाही. तरी एक उघडतं आणि दुसरं मेलेलं. जुळ्या बहिणींसारखं वजन, आणि एकीचा चेहराच नाही!

“चित्र नोटपॅडमध्ये कोण उघडते, पागल,” सर म्हणाले, कारण तिनं नेमकं तेच केलं होतं.

पडद्यावर नुसता कचरा. टिंबं, चौकोन, उलटीसुलटी चिन्हं. चित्राची फाइल अक्षरांत वाचायला गेलं की असंच दिसतं. दोन्ही कचरे सारखेच दिसत होते. प्रज्ञा नाक पडद्याला लागेल इतकी पुढे वाकली. नाही, सारखे नव्हते. डाउनलोड झालेल्या कचऱ्याच्या अगदी वर, पहिल्या ओळीत, बाकी सगळ्यांपासून वेगळी, दोन इंग्रजी अक्षरं ऐटीत बसली होती.

जे. एच.

३

जे. एच.! सौंसरमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं ते. केतकीचे बाबा अरविंदभाऊ यांची संत्र्याची आढत आजोबांच्या नावानं चालायची, ‘जगन्नाथ हिराजी’. बस स्टँडपासून नागपूरच्या ट्रकपर्यंत संत्र्याच्या प्रत्येक पेटीवर निळ्या शाईत एकच छाप: जे. एच.

प्रज्ञाला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच जराशी लाज वाटली. पण जराशीच. मधल्या सुट्टीत केतकी नळापाशी बाटली भरत होती, भोवती तिच्या चार मैत्रिणी. प्रज्ञा थेट समोर जाऊन उभी राहिली.

“काय वो केतकी, शाळेची साइट म्हणजे काय तुह्या बाबाची संत्र्याची पेटी हाय? आपला छाप मारून ठेवला तं!”

“काय बडबडून राहिली?”

“पासच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीत जे. एच. लिहिलं हाय. सौंसरात जे. एच. कोण, सांगू का सगळ्याइले?”

मैत्रिणींनी केतकीकडे पाहिलं. बाटली भरून वाहायला लागली तरी केतकीचं लक्ष नव्हतं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

“दाखव,” ती म्हणाली.

प्रज्ञानं कागदावर उतरवून आणलेली अक्षरं पुढे केली. केतकीनं ती पाहिली आणि एकदम हसली. कडू हसू होतं ते.

“आमच्या पेटीवर दोन्ही अक्षरं मोठी हायत. आणि दोघाइच्या मधात टिंब हाय. तू जे मोठा काढला आणि एच छोटा. तूच उतरवलं ना? का माझ्यावर जळता जळता तुले एबीसीडी पण दिसेनाशी झाली?”

प्रज्ञानं कागद परत घेतला. पडद्यावर जसं होतं तसंच तिनं उतरवलं होतं. मोठा जे, छोटा एच, टिंब नाही. पेटीवरचा छाप असा नव्हताच. तिला जे दिसावंसं वाटत होतं, तेच दिसलं होतं.

“जळते कोण?” ती तरीही म्हणाली. “आणि काल चार-वीसले कनेक्शनची फाइल बदलली कोणी?”

“मले काय माहीत! मी तर तोंड भिंतीकडं करून…”

केतकी थांबली. ओठ दाबले, ओली बाटली उचलली आणि निघून गेली. झाकण नळापाशीच राहिलं.

भिंतीकडं? कोणत्या भिंतीकडं? आणि धडधाकट पोरगी भिंतीकडं तोंड करून कशाला उभी राहील?

४

शुक्रवारी सकाळी प्रज्ञा ऑफिसात गेली. तुळशीरामजी म्हणजे शाळेचे बाबू. तेहतीस वर्षांची नोकरी. टाइपरायटरवर हिंदी टायपिंगची परीक्षा पास झालेले, आणि ते प्रमाणपत्र अजून काचेखाली ठेवलेलं.

“बाबूजी, नवा पासवर्ड कोणाले दिला होता तुम्ही?”

“कोणालेच नाई!” बाबूजी दुखावले. “पासवर्ड लेकराइच्या हाती देत नसतो मी. मॅडमनं सांगितलं हाय. गुप्त चीज म्हणजे गुप्त.”

“मंग फाइलमध्ये कोणी टाकला?”

बाबूजींनी कमरेची किल्ली चाचपली. “मीच टाकला. फाइल उघडून दिली होती. कागद पाहून एक-एक बटन दाबलं, जुना काढला, नवा टाकला. तोंड भिंतीकडं करून उभं राहायले लावलं मी तिले.”

“कोणाले, बाबूजी?”

“नाव नाई सांगणार. बोल दिला हाय. साइट बंद पडली तं पोरगी रडकुंडीले आली होती बिचारी. काही वाईट थोडंच केलं? सुरूच केलं ना!”

नाव सांगायची गरजच नव्हती. पण प्रज्ञाचं कोडं वेगळं होतं. बाबूजींनी नुसता पासवर्ड बदलला असेल, तर जे आणि एच आले कुठून? मुद्दाम लिहायला बाबूजींना इंग्रजीचं वावडं. भिंतीकडे पाहणाऱ्या केतकीला लिहिता येणं शक्य नाही. आणि बाकी कोणाकडे पासवर्ड नाही.

“बस बाळ जराशी,” बाबूजी म्हणाले. “जिल्ह्याले पत्र पाठवायचं हाय, तेवढं करतो.”

त्यांनी कोरं पान उघडलं. नजर हातातल्या मसुद्यावर. पक्के टायपिंगवाले, पडद्याकडे ते बघतच नसत. बोटं मात्र आपली-आपली निघाली. पत्राला सुरुवात व्हायच्या आधी, पानाच्या अगदी माथ्यावर, टक-टक दोन आवाज झाले. मग एन्टर.

पानावर उमटलं: श्री.

“बाबूजी, हे प्रत्येक पत्रावर लिहिता?”

“पत्रावर, रजिस्टरवर, कोऱ्या कागदावर. मी नाई लिहीत, हातच लिहितो. तू काय लिहितेस वहीवर पहिले?”

“जय भीम.” तिच्या प्रत्येक वहीच्या प्रत्येक धड्यावर होतं ते. बाबांनी पहिलीत शिकवलेलं. लिहिलं की नाही, हे तिलाही आठवायचं नाही. पान उलटून पाहिलं की असायचंच.

“मंग! तसंच,” बाबूजी म्हणाले.

प्रज्ञा त्यांच्या बोटांकडे पाहत राहिली.

“बाबूजी, परत एकदा लिहा ना. हळू लिहा. श्री लिहायले कोणती बटनं दाबली?”

बाबूजींनी हळू दाबली. प्रज्ञानं बटनांवर छापलेली इंग्रजी अक्षरं वाचली, आणि खुर्ची मागे पडायच्या आत उठून धावत सुटली.

५

मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा मॅडमच्या खोलीत पाच जण होते. मॅडम, श्रीकांत सर, तुळशीरामजी, वही छातीशी धरलेली केतकी आणि दम लागलेली प्रज्ञा.

“मॅडम, बाबूजींच्या कॉम्प्युटरवर हिंदीचा जुना फॉन्ट हाय. त्यात बटनं इंग्रजीचीच असतात, फॉन्ट फक्त त्याइले देवनागरी कपडे घालते. फॉन्ट काढला, की कपडे उतरले. बाबूजी ‘श्री’ लिहितात तेव्हा खरोखर दाबतात काय? मोठा जे आणि छोटा एच.”

“म्हणजे…” सर म्हणाले आणि तिथेच थांबले.

“कनेक्शनची फाइल नोटपॅडमध्ये उघडली, की कर्सर सगळ्यात वर असते. बाबूजींसमोर उघडी फाइल आली. हातानं आधी श्री लिहिली, एन्टर मारला, आणि मंग बाबूजी पासवर्डकडे वळले. तिथं फॉन्ट नव्हता, म्हणून उमटले जे आणि एच. सगळीकडं इंग्रजीच होती, दोन अक्षरं जास्तीची कोणाले दिसणार?”

बाबूजींनी आपल्या उजव्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कोणाचा होता.

“पण जोडणी तर जुळली ना,” मॅडम म्हणाल्या.

“जुळली, कारण पासवर्ड बरोबर होता. पण माझी स्क्रिप्ट सगळ्यात आधी कनेक्शनच्या फाइलीले हाक मारते. त्या फाइलीत हुकमांच्या बाहेर जे काही लिहिलं असंल, ते सर्व्हर हुकूम समजत नाई, सरळ पुढं पाठवून देते. म्हणजे चित्र निघायच्या आधी जे, एच आणि एन्टर निघाले. कॉम्प्युटर एन्टरले दोन अक्षरं मोजते. झाले चार.”

“पण वजन तर सारखंच होतं! मी पाहिलं,” सर म्हणाले.

“मॅडम, नागपूरची बस समजा. मी स्क्रिप्टमध्ये सांगून ठेवलं होतं, चित्राएवढ्याच जागा, एक जास्त नाई. पुढच्या दारानं चार आगंतुक आधीच चढून बसले, म्हणून शेवटचे चार स्टँडवरच राहिले. बस भरलेलीच दिसते, मोजली तरी बरोबर. पण चित्र हाय की नाई हे मोबाइल पहिल्या अक्षरांवरून ओळखते, आणि तिथं बसली होती श्री!”

मॅडम हसल्या. पटकन हसू आवरलंही.

“आणि केतकीच्या संत्र्यावरचा डाग?” प्रज्ञा म्हणाली. “ते पान पण कनेक्शनच्या फाइलीले हाक मारते. डाग मोठा करून पाहा.”

मॅडमनी मोबाइलवर दोन बोटांनी कोपरा मोठा केला. मुंगी फुगत गेली. मोठा जे. छोटा एच.

“बाबूजींना फाइल उघडून कोणी दिली? आणि सर्व्हरवर चढवली कोणी?” मॅडमनी विचारलं. “हे त्यांना येत नाही.”

नाव प्रज्ञाच्या जिभेवर संत्र्याच्या गोळीसारखं विरघळत होतं. एकच शब्द. मग पांढुर्ण्याची जागाही आपली. समोर केतकी वहीच्या पुठ्ठ्यात नखं रुतवून उभी होती. त्याच वहीत तारखेसकट लिहिलेलं होतं: ‘तुझी साइट दोन दिवस नाई चालणार.’

“ज्यानं केलं, त्यानं साइट सुरू करायसाठी केलं, मॅडम,” प्रज्ञा म्हणाली. “मले विचारलं असतं तर हे झालं नसतं. पण खरं सांगू? विचारलं असतं, तरी मी पहिले चार वेळा हात जोडायले लावले असते. मंगच केलं असतं.”

“मीच केलं,” केतकी म्हणाली. “बुधवारी तुम्ही म्हटलं होतं ना मॅडम, प्रज्ञाले सांग म्हणून? मी नाई सांगितलं. सगळे मले म्हणतात काय सुंदर साइट, काय सुंदर रंग. पण ती बंद पडली की सगळे हिले शोधतात! मले एकदा, फक्त एकदा हिच्याशिवाय ते सुरू करून दाखवायचं होतं. सकाळी पास बिघडले तं मी घाबरली. मंग वही दाखवली.”

प्रज्ञा तोंड उघडं टाकून बघत राहिली. केतकी आपल्यावर जळते? केतकी, आपल्यावर? ही रहस्याची सगळ्यात मोठी फोड होती, आणि तिचा पुरावा कोणत्याच फाइलमध्ये नव्हता.

“वही इकडे दे,” मॅडम केतकीला म्हणाल्या. त्यांनी मागचं पान फाडलं आणि टोपलीत टाकलं. “प्रज्ञा, लॅब तुझी. पास आधी दुरुस्त कर. उद्या दोघीही जाल. एकीला रंग विचारतील, एकीला आतलं विचारतील. एकमेकींची उत्तरं दिलीत तर याद राखा.”

प्रज्ञानं दोन अक्षरं पुसली. शिवाय आपल्या स्क्रिप्टमध्ये एक नवी ओळ टाकली: चित्र पाठवायच्या आधी, कोणी काहीही बोलून ठेवलं असेल तर ते झटकून टाक. एक्केचाळीस चेहरे परत आले.

६

शनिवारी पांढुर्ण्याच्या मंडपात दोघींच्या टेबलावर मोठा पडदा लागला. केशरी पट्टा, संत्रं, कोपरा स्वच्छ. प्रज्ञाची नजर सवयीनं खाली गेली. रोजचीच ती ओळ, रोजचीच ती मिरची.

‘रचना : केतकी’. आणि त्याच्यापुढे चार इंग्रजी अक्षरं. आय, झेड, मोठा के, छोटा के.

“हे काय हाय?”

केतकी कानापर्यंत लाल झाली. “तुझं नाव हाय. काल संध्याकाळी तू गेल्यावर टाकलं. लॅबले कुलूप होतं, म्हणून ऑफिसात गेली. बाबूजी म्हणाले, आण, मी झटकन टाइप करून देतो. त्याइच्या पडद्यावर तर बरोबर दिसून राहिलं होतं! थांब, पुसते.”

“हात नको लावू!”

तेवढ्यात छातीला बिल्ला लावलेले एक परीक्षक आले. त्यांनी पास डाउनलोड करून पाहिला, उघडला. मान डोलावली. मग चष्मा वर करून तळाची ओळ वाचू लागले.

“केतकी समजलं. पण हे आयझेड… केके? हे कोण?”

केतकीनं डोळे मिटून घेतले. तिचं नाव अजूनही आधीच होतं, हे प्रज्ञानं बरोबर पाहिलं होतं. त्याचं नंतर बघू.

“मी, सर,” प्रज्ञा म्हणाली आणि एक पाऊल पुढे आली.